विश्लेषण : खेळाडूंविषयीचे ‘तुम्हाला माहीत आहे का?’ कितपत खरे? एक शब्द गळला की माहिती कशी बिघडते?

‘ऑलिम्पिक पदक जिंकणारे पहिले भारतीय खाशाबा जाधव’, ‘रोममध्ये विश्वविक्रम मोडूनही मिल्खासिंग यांचे पदक हुकले’, ‘एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक सचिन तेंडुलकरचे’. अशी वाक्ये मोबाइलवर रोज फिरत असतात. कधी रंगीत कार्डवर, कधी रीलखाली, तर कधी ‘तुम्हाला माहीत आहे का?’ अशा मथळ्याखाली. वरची तिन्ही वाक्ये ओळखीची आहेत आणि तिन्हींमध्ये चूक आहे. गंमत म्हणजे यातले कोणतेही वाक्य धडधडीत खोटे नाही. प्रत्येकातून एखादा शब्द तरी गळला आहे किंवा एकाच्या जागी दुसरा बसला आहे.

एवढ्याशा माहितीसाठी पडताळणी कशाला?

कारण ही माहिती करमणुकीपुरती राहत नाही. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा पूर्व परीक्षा अशा परीक्षांची तयारी करणारे लाखो तरुण सामान्य ज्ञानाचे एका ओळीचे मुद्दे मोबाइलवरूनच पाठ करतात. ‘भारताचे पहिले’, ‘महाराष्ट्राचे पहिले’, ‘सर्वाधिक’ हे तर अशा प्रश्नांचे आवडते साचे. चार पर्यायांत नॉर्मन प्रिचर्ड आणि खाशाबा जाधव दोघेही असतील, तर प्रश्नातील ‘स्वतंत्र’ हा शब्द वाचला की नाही यावर गुण ठरतो. लोकसेवा आयोग आधी उत्तरतालिका जाहीर करून हरकती मागवतो, पण हरकत घ्यायची तर पुरावा जोडावा लागतो. तिथे व्हॉट्सॲपवर आलेले कार्ड चालत नाही.

दुसरे कारण खेळाडूंचेच. चुकीचा ‘पहिला’ लिहिला की खरा पहिला, आणि बहुतेक वेळा खरी पहिली, पुसली जाते.

खाशाबांच्या वाक्यात दोन शब्द का हवेत?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. या पराक्रमाचे अचूक वर्णन ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक’ असे होते. यातील ‘स्वतंत्र’ काढला की वाक्य चुकते. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळा शर्यतीत रौप्यपदके मिळवली होती आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यावर मांडते. ‘वैयक्तिक’ काढला तरी वाक्य चुकते, कारण १९४८मध्ये लंडनला भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात ब्रिटनला ४-० असे हरवून सुवर्णपदक पटकावले, तेव्हा भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते. कार्डावर जागा कमी म्हणून नेमके हेच दोन शब्द उडतात.

प्रिचर्ड यांचे प्रकरण आणखी पुढे जाते. ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीत ते ब्रिटनचे म्हणून नोंदले गेले आहेत. त्यामुळे ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोक्योमध्ये नीरज चोप्राने ८७.५८ मीटर भालाफेक केली, तेव्हा ‘ॲथलेटिक्समधील भारताचे पहिले सुवर्ण’ याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. ‘ॲथलेटिक्समधील भारताचे पहिले पदक’ हे मात्र कोणाची वही उघडली यावर अवलंबून राहिले. अशा वेळी एक बाजू खरी आणि दुसरी खोटी ठरवण्यापेक्षा नोंद कोणाची आहे ते सांगणे, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. (हे प्रिचर्ड पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने हॉलीवूडच्या मूकपटांत दिसले. ऐकायला बनावट वाटणारी ही माहिती खरी आहे.)

असाच प्रकार १ ऑगस्ट २०२४ रोजी घडला. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले आणि ‘महाराष्ट्राला ७२ वर्षांनी वैयक्तिक पदक’ ही ओळ सगळीकडे झळकली. हिशेब बरोबर आहे. फक्त १९५२मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते, कराड तेव्हा मुंबई राज्यात होते. इथे कोणी चूक काढणार नाही आणि काढूही नये, पण परीक्षेतल्या प्रश्नात ‘राज्य’ हा शब्द आला तर विचार करावा लागेल.

खाशाबांबाबत शब्दांची ही काटेकोरी केवळ पांडित्य नाही. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला देशाला १९९६पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसच्या टेनिसमधील कांस्यपदकापर्यंत ४४ वर्षे थांबावे लागले. खाशाबांचे अपघाती निधन १९८४मध्ये झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. ज्या माणसाला हयातीत पुरेसा मान मिळाला नाही, त्याच्यावर फुगवलेले श्रेय लादण्याची गरज नाही, खरे श्रेय पुरेसे मोठे आहे.

पॅरालिम्पिकमधले ‘पॅरा’ कुठे गेले?

२०२४मध्ये ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट आला आणि सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांच्याविषयी कार्डांचा पूर आला. काहींवर ‘ऑलिम्पिकमध्ये भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण’ असे लिहिलेले होते. १९६५च्या युद्धात जखमी झालेले पेटकर यांनी १९७२मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक जिंकले ते पॅरालिम्पिकमध्ये. ते भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण. ऑलिम्पिकमधील भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण २००८मध्ये बीजिंगला नेमबाज अभिनव बिंद्राने मिळवले. गोंधळात भर पडते ती शहराची. १९७२चे ऑलिम्पिक म्युनिकला झाले, पॅरालिम्पिक मात्र त्याच देशात हायडेलबर्गला झाले. त्यामुळे ‘म्युनिकमधील सुवर्ण’ असे लिहिलेले दिसले की मजकूर मूळ नोंद न पाहता लिहिला आहे, हे ओळखता येते.

मिल्खासिंग यांची वेळ नेमकी किती?

६ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये ४०० मीटरची अंतिम शर्यत झाली. अमेरिकेचा ओटिस डेव्हिस आणि जर्मनीचा कार्ल कॉफमन यांनी ४४.९ सेकंद अशी सारखीच वेळ नोंदवून दोघांनीही विश्वविक्रम केला. दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५ सेकंदांसह तिसरा आणि मिल्खासिंग ४५.६ सेकंदांसह चौथे आले. शर्यतीआधीचा विश्वविक्रम अमेरिकेच्या लू जोन्सचा होता, ४५.२ सेकंदांचा. म्हणजे मिल्खासिंग यांची वेळ जुन्या विश्वविक्रमाहूनही ०.४ सेकंदाने जास्त होती. मग ‘विक्रम मोडला’ हे आले कुठून? रोमच्या स्पर्धेपूर्वीचा ऑलिम्पिक विक्रम ४५.९ सेकंदांचा, १९५२च्या हेलसिंकीतला होता. त्यापेक्षा मिल्खासिंग यांची वेळ सरस होती. सांगता सांगता ‘जुना ऑलिम्पिक विक्रम’ याचा ‘विश्वविक्रम’ झाला.

आता दुसरा घोळ. काही ठिकाणी त्यांची वेळ ४५.६ दिसते, काही ठिकाणी ४५.७३. पदक ०.१ सेकंदाने हुकले असेही वाचायला मिळते आणि ०.१३ सेकंदाने असेही. यात चूक कोणाचीच नाही. रोममध्ये अधिकृत वेळ पंचांच्या हातातील घड्याळांवर घेतली जात होती आणि सोबत विद्युत यंत्रणाही चालू होती. हातातले घड्याळ सुरू करताना माणसाची प्रतिक्रिया थोडी उशिरा येते, पण अंतिम रेषेवर धावपटू येताना दिसत असल्याने बोट वेळेवर दाबले जाते. परिणामी हाताने घेतलेली वेळ खऱ्यापेक्षा थोडी कमी भरते. ४०० मीटरसाठी दोन पद्धतींची तुलना करताना ०.१४ सेकंद मिळवण्याचा संकेत आहे. ४५.६ मध्ये ०.१४ मिळवले तर ४५.७४ येतात आणि यंत्राने दाखवले होते ४५.७३. हिशेब इतका चपखल क्वचितच जुळतो.

म्हणूनच १९९८मध्ये परमजित सिंगने ४५.७० सेकंदांची वेळ दिली तेव्हा राष्ट्रीय विक्रम मोडला गेला, पण ४५.६ हा आकडा डोक्यात बसलेल्यांना ४५.७० हा विक्रम कसा, असा प्रश्न पडला. वेळेचा आकडा लिहिताना तो कोणत्या घड्याळाचा, हे लिहिले नाही की असे होते.

आणि मागे वळून पाहणे? ‘भाग मिल्खा भाग’ या चित्रपटाने हे दृश्य घराघरांत पोहोचवले. शर्यत संपूर्णपणे आपापल्या लेनमध्ये धावली जाते आणि प्रत्येक लेनची सुरुवात वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे पहिल्या वळणावर कोण पुढे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शेवटच्या सरळ टप्प्यावर मात्र आघाडी डेव्हिसची होती, हे चित्रफितीत दिसते. स्वतः मिल्खासिंग २५० मीटरच्या सुमारास वेग कमी केल्याची चूक सांगत. वेग कमी करणे आणि मान मागे वळवणे यांत फरक आहे. पहिल्यात धावपटूचा चुकलेला अंदाज आहे, दुसऱ्यात कॅमेऱ्याला हवे तसे दृश्य आहे. कार्डाने कॅमेऱ्याची बाजू घेतली.

याउलट पी. टी. उषाबद्दलचे कार्ड तपासणीत टिकते. ८ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळा शर्यतीत रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूने ५५.४१ सेकंदांत कांस्यपदक घेतले, उषाची वेळ ५५.४२. फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. तोवर मोठ्या स्पर्धांत वेळ यंत्राने शतांशापर्यंत मोजली जाऊ लागली होती. हाताच्या घड्याळावर या दोन वेळा वेगळ्या दाखवणे शक्यच नव्हते. सरासरी वेग काढला तर हे अंतर सुमारे सात सेंटिमीटर भरते.

बोल्टचे ‘दोन मिनिटे’ गणितात बसतात का?

प्रेरणादायी मजकुरांत हे कार्ड वर्षानुवर्षे फिरत आहे : ‘उसेन बोल्ट तीन ऑलिम्पिकमध्ये मिळून दोन मिनिटेही धावला नाही आणि त्याने ११.९ कोटी डॉलर कमावले, म्हणजे सेकंदाला दहा लाख डॉलर.’ हे तपासायला कोणाला फोन करावा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. अंतिम शर्यतींच्या वेळा अशा : २००८मध्ये ९.६९ आणि १९.३०, २०१२मध्ये ९.६३ आणि १९.३२, २०१६मध्ये ९.८१ आणि १९.७८. बेरीज ८७.५३ सेकंद. त्यात तीन रिले शर्यतींतील त्याचे टप्पे प्रत्येकी साधारण नऊ सेकंदांचे धरले तरी एकूण दोन मिनिटांच्या आत राहते. म्हणजे दावा खरा?

फक्त अंतिम शर्यतींपुरता. अंतिम फेरीत कोणी थेट उतरत नाही. या तीन ऑलिम्पिकमध्ये १०० आणि २०० मीटर मिळून बोल्ट आधीच्या फेऱ्यांत आणखी १४ वेळा धावला. ते मिळवले की आकडा पाच मिनिटांच्या पुढे जातो. शिवाय तो तीन नव्हे, चार ऑलिम्पिकला गेला. २००४मध्ये अथेन्सला २०० मीटरच्या पहिल्याच फेरीत तो बाद झाला होता, ही गोष्ट प्रेरणेसाठी जास्त उपयोगी असूनही कार्डावर नसते. आणि पैसे? त्या काळात ऑलिम्पिकमध्ये धावण्याबद्दल बक्षिसाची रक्कमच नव्हती. कमाई प्रामुख्याने जाहिरात करारांची आणि इतर स्पर्धांची. एका गोष्टीच्या पैशांना दुसऱ्याच गोष्टीच्या सेकंदांनी भागले आहे.

त्याच्या वेगाचेही तसेच. १६ ऑगस्ट २००९ रोजी बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम झाला, त्यावरून ‘बोल्ट ताशी ४४.७२ किलोमीटर वेगाने धावतो’ असे लिहिले जाते. तो वेग ६० ते ८० मीटर या वीस मीटरच्या पट्ट्यातला आहे. संपूर्ण शर्यतीची सरासरी काढली तर ताशी ३७.५८ किलोमीटर येते.

‘पुरुष’ हा शब्द सर्वांत जास्त का गळतो?

२४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध सचिनने नाबाद २०० धावा केल्या. पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधील ते पहिले द्विशतक. त्याच्या बारा वर्षे आधी, १६ डिसेंबर १९९७ रोजी ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्कने महिला विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या होत्या. आणि हे घडले कुठे? मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. सचिनच्या शहरात झालेली खेळी सचिनविषयीच्या कार्डांनीच झाकून टाकली.

ही सवय केवळ इथली नाही. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकनंतर ब्रिटिश निवेदकाने अँडी मरेला टेनिसमध्ये दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणारा पहिला खेळाडू म्हटले. व्हीनस आणि सेरेना यांनी प्रत्येकी चार जिंकली आहेत, याची आठवण मरेनेच तिथल्या तिथे करून दिली. पुढच्या वर्षी विम्बल्डनमध्ये एका पत्रकाराने सॅम क्वेरी २००९नंतर ग्रँड स्लॅमच्या उपांत्य फेरीत गेलेला पहिला अमेरिकी खेळाडू असल्याचे म्हटले, तेव्हाही मरेने ‘पुरुष खेळाडू’ अशी दुरुस्ती केली. सामना हरून आलेला माणूस पत्रकार परिषदेत विशेषण तपासत होता आणि विचारणाऱ्याने ते तपासले नव्हते.

ज्याला होय किंवा नाही म्हणता येत नाही, त्याचे काय?

ध्यानचंद आणि हिटलरची गोष्ट या गटातली. १५ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनमध्ये भारताने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले, ही पक्की नोंद. त्यानंतर हिटलरने ध्यानचंद यांना जर्मन सैन्यात मोठ्या हुद्द्याची ऑफर दिली आणि त्यांनी ती नाकारली, असे सांगितले जाते. हुद्दा मात्र प्रत्येक कथनात बदलतो, कोणी कर्नल म्हणते तर कोणी थेट फील्ड मार्शल. १९५२ साली आलेल्या ‘गोल’ या ध्यानचंद यांच्या आत्मचरित्रात या प्रस्तावाचा उल्लेख नाही. एवढी मोठी घटना आत्मचरित्रातून सुटावी हे पटण्यासारखे नाही. म्हणून ही आख्यायिका म्हणून सांगावी, इतिहास म्हणून नव्हे.

उलट काही गोष्टी अफवेसारख्या वाटतात आणि खऱ्या निघतात. भारताकडून पदार्पण करण्याआधी सचिन पाकिस्तानसाठी क्षेत्ररक्षणाला उतरला होता. जानेवारी १९८७मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात, बदली खेळाडू म्हणून. सचिनने आत्मचरित्रात हे स्वतः लिहिले आहे. पण इथेही ‘प्रदर्शनीय’ आणि ‘बदली’ हे शब्द काढले की ‘सचिन पाकिस्तानकडून खेळला’ असा मथळा तयार होतो.

वाचकाने तपासायचे कसे?

वाक्यात ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘सर्वाधिक’ आले की ‘कशातला?’ असे विचारावे : पुरुषांत की सर्वांत, वैयक्तिक की सांघिक, अंतिम फेरीत की संपूर्ण स्पर्धेत. बहुतेक कार्डे इथेच गारद होतात. मग मूळ नोंद पाहावी. ऑलिम्पिकचे निकाल ऑलिम्पिक समितीच्या संकेतस्थळावर आणि ऑलिम्पीडियावर आहेत, धावण्याच्या वेळा वर्ल्ड ॲथलेटिक्सकडे, क्रिकेटची धावफलके सहज मिळतात. दहा संकेतस्थळांवर तेच वाक्य असणे हा पुरावा नव्हे, दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेले असू शकते. शब्दरचनाही हुबेहूब सारखी असेल तर तसेच समजावे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मोठ्या मजकुराचा एका ओळीत सारांश करून देतात. सारांशात सर्वांत आधी विशेषणेच कापली जातात, हे लक्षात ठेवलेले बरे.

तारीख नसलेल्या माहितीवर तर विश्वासच ठेवू नये, कारण खरी माहितीही शिळी होते. बोल्टची नऊ ऑलिम्पिक सुवर्णपदके २०१७मध्ये आठ झाली, रिलेतील सहकारी नेस्टा कार्टर उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्याने २००८चे पदक काढून घेण्यात आले. ‘नीरजने कधीच ९० मीटर पार केले नाहीत’ हे वाक्य १६ मे २०२५पर्यंत खरे होते. त्या दिवशी दोह्यात त्याने ९०.२३ मीटर फेक केली. स्पर्धा मात्र ९१.०६ मीटरसह जर्मनीच्या ज्युलियन वेबरने जिंकली. दुसऱ्या दिवशीच्या काही पोस्टमध्ये नीरजला विजेताही करून टाकले होते.

पुढची लाट कोणती?

२०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहे. पुरुष आणि महिलांचे प्रत्येकी सहा संघ, ट्वेन्टी-२० प्रकारात. ‘१२८ वर्षांनी क्रिकेटचे पुनरागमन’ ही ओळ आतापासूनच फिरते आहे आणि स्पर्धा जवळ येईल तशी ती प्रत्येक फोनवर येईल. १९००मध्ये पॅरिसला क्रिकेटचा एकच सामना झाला, दोन्ही बाजूंनी बारा-बारा खेळाडू होते आणि ब्रिटनने फ्रान्सला १५८ धावांनी हरवले. फ्रान्सच्या संघात बहुतांश तिथे राहणारे ब्रिटिशच होते. ते सगळे पुरुष होते. त्यामुळे पुनरागमनाचे वाक्य पुरुषांच्या स्पर्धेपुरते बरोबर आहे. महिला क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच खेळले जाणार आहे.